बँकेतले शिकाऊ कॉपी करताना पकडले गेले! आपल्या दुकानाशी याचा काय संबंध?



मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी प्रश्न विचारला होता. "ताई, दुकान टाकून आठ महिने झाले. आता पहिल्यांदाच मदतीला मुलगा ठेवतोय. गल्ल्यावर बसवायचाय. तो प्रामाणिक आहे का नाही, हे आधीच कसं ओळखायचं?"

खरं उत्तर असं की आधी ओळखता येत नाही. ज्यांचा सगळा धंदाच विश्वासावर चालतो, त्या बँकांनाही ते जमलेलं नाही. मोठ्या बँका नवीन मुलं घेताना चार-चार मुलाखती घेतात, जुन्या नोकरीची चौकशी करतात, उत्तम कॉलेजातली मुलं निवडतात, महिनोन्महिने ट्रेनिंग देतात. तरीसुद्धा त्यांचे शिकाऊ लबाडी करताना पकडले गेले, आणि तेही ट्रेनिंगमध्येच.

म्हणून आज बँकेतल्या शिकाऊ मुलांबद्दल बोलू. या लेखात एक गोष्ट माझी स्वतःचीही आहे. ती व्हिडिओत सांगायला जमली नाही, म्हणून इथे लिहिते.

२०१५ मध्ये काय झालं?

ऑक्टोबर २०१५. गोल्डमन सॅक्स ही जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गुंतवणूक बँकांपैकी एक. या बँकेने न्यूयॉर्क आणि लंडन इथल्या साधारण २० नव्या अॅनालिस्टना कामावरून काढलं. कारण काय? ट्रेनिंगमधल्या अंतर्गत परीक्षांमध्ये त्यांनी कॉपी केली होती. त्याच सुमाराला जेपी मॉर्गन या दुसऱ्या बड्या बँकेनेही अशाच कारणासाठी १० जणांना काढल्याच्या बातम्या आल्या.

आता बघा, ही कोण मुलं होती? हजारो अर्जांमधून निवडलेली. शाळा-कॉलेजात पहिली येणारी. पगार भरपूर. कॉपी केली नसती तरी बहुतेक जण पास झाले असते. मग केली कशाला?

ही बातमी आली तेव्हा दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणत होती, "अहो, ट्रेनिंगची परीक्षा ती! कोणाचे पैसे बुडाले? समज देऊन सोडायचं." दुसरी बाजू म्हणत होती, "आज परीक्षेत, उद्या ग्राहकाच्या पैशात."

मला स्वतःला दुसरी बाजू पटते, पण तिचं कारण थोडं वेगळं आहे. परीक्षेत कॉपी करणारा प्रत्येक जण पुढे चोर होतो, असं मी म्हणणार नाही. आपल्यापैकी किती जणांनी दहावीला शेजारच्याचा पेपर बघितला नाही? मुद्दा असा की बँकेतली ट्रेनिंगची परीक्षा ही मार्कांसाठी नसते. "हे नियम मला समजले आहेत" असं सही करून सांगणं, हा तिचा उद्देश. कॉपी करणारा मुलगा पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकतो: कागद बरोबर दिसला की झालं, त्यामागचं काम केलं नाही तरी चालतं. बँकेत याहून धोकादायक धडा नाही. कारण बँक म्हणजे कागदावरच्या सह्यांवर विश्वास ठेवून चालणारा धंदा.

आणि हे फक्त बँकेतच घडतं असं नाही. बँकांचे आणि कंपन्यांचे हिशेब तपासणारी अर्न्स्ट अँड यंग ही ऑडिट फर्म. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने तिला १० कोटी डॉलरचा दंड केला. तिथल्या लोकांनी सीपीएच्या परीक्षेत उत्तरं एकमेकांना पाठवली होती. आणि विषय कुठला, तर नीतिमत्ता! नैतिकतेच्या पेपरातच कॉपी. हसू येतं, पण त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नियामकाने चौकशी केली तेव्हा फर्मने ही भानगड लगेच उघड केली नाही. दंड एवढा मोठा झाला त्यात या लपवालपवीचा मोठा वाटा होता.

म्हणजे मूळ चूक लहान होती, लपवण्याने ती मोठी झाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

माझी गोष्ट

बीकॉम झाल्यावर मी एका बँकेत कर्ज विभागात ट्रेनी म्हणून लागले होते. नाव सांगत नाही, गावही नाही. सहा महिने शिकायचं, काम बरं वाटलं तर कायम करणार. माझं काम साधं होतं. ज्यांनी छोट्या धंद्यासाठी कर्ज मागितलंय त्यांच्या जागेवर जायचं, धंदा खरंच चालू आहे का बघायचं, आणि फॉर्मवर लिहायचं, "प्रत्यक्ष भेट दिली. व्यवसाय सुरू आहे." खाली सही.

पावसाळ्यातला शनिवार होता. हातात सहा फॉर्म. तीन ठिकाणी जाऊन आले, चिंब भिजले. उरलेले तीन सोमवारी करते म्हटलं, तर शेजारच्या टेबलावरचे सिनिअर म्हणाले, "अगं, सोमवारी मंजुरीला जायचेत हे. ओळखीतले लोक आहेत. सही मार आणि घरी जा. आम्ही काय प्रत्येकाकडे जातो होय?"

मी सही मारली. तीन फॉर्म, तीन खोट्या भेटी, दोन मिनिटांचं काम. खरं सांगू का, त्या दिवशी मला अपराधी वाटलं नाही. उलट वाटलं की आता आपण यांच्यातले झालो.

पाच महिन्यांनी त्यातल्या एका कर्जाचे हप्ते थांबले. वसुलीच्या साहेबांबरोबर मला पाठवलं. कर्ज होतं हार-फुलांच्या दुकानासाठी, चाळीस हजारांचं. पत्त्यावर गेलो तर दुकानच नाही. एक मावशी देवळाच्या पायरीवर टोपली घेऊन बसायच्या, तेवढाच त्यांचा धंदा. त्यांच्या भाच्याने "सरकारी योजनेचे कागद आहेत" असं सांगून त्यांच्या सह्या घेतल्या होत्या आणि पैसे स्वतःच वापरले होते. कर्ज आहे हेच मावशींना माहीत नव्हतं.

साहेबांनी फाइल उघडून वाचलं, "अमुक तारखेला बँकेच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष भेट दिली."

मावशी म्हणाल्या, "माझ्याकडं कुणीच आलं नव्हतं, साहेब. आलं असतं तर मी इचारलं नसतं का, कसलं कर्ज म्हणून?"

त्या माझ्याकडे बघून बोलत नव्हत्या. सही माझी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण साहेबांनी सहीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फाइल बंद केली.

मी तिथे गेले असते तर एका प्रश्नात सगळं उघड झालं असतं. माझी ती भेट म्हणजे मावशींचं एकमेव संरक्षण होतं, आणि ते मी पावसाच्या कंटाळ्यापायी काढून घेतलं.

त्या संध्याकाळी मी मॅनेजर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आता तोंड उघडलंस तर तुझी नोकरी जाईल आणि माझी चौकशी लागेल. गप्प बस, भाच्याकडून वसूल करू." मी अकरा दिवस गप्प बसले. हे अकरा दिवस मला त्या सहीपेक्षाही जास्त लाजिरवाणे वाटतात. बाराव्या दिवशी लेखी दिलं. मला कायम केलं नाही. भाच्याकडून पैसे निघायला दोन वर्षं गेली आणि तोवर थकबाकी मावशींच्या नावावर होती.

तेव्हा "लहानशी लबाडी" म्हणजे काय, यावर मला कुणी भाषण देऊ नये. आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. माझ्या बाबतीत तर म्हातारीचंही दुःख होतं.

चांगली माणसं असं का करतात?

आता थोडं शास्त्र बघू. २०१४ मध्ये झुरिक विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी "नेचर" या नियतकालिकात एक प्रयोग छापला. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेतले १२८ कर्मचारी घेतले. हे शिकाऊ नव्हते, बरीच वर्षं बँकेत काढलेली माणसं होती. प्रत्येकाने एकट्याने बसून दहा वेळा नाणं उडवायचं आणि निकाल स्वतःच कळवायचा. ठरलेली बाजू पडली की दर वेळी २० डॉलरपर्यंत मिळणार. बघायला कुणी नाही. म्हणजे खोटं बोलायला पूर्ण मोकळीक.

गंमत पुढे आहे. नाणं उडवायच्या आधी निम्म्या लोकांना त्यांच्या बँकेतल्या कामाबद्दल प्रश्न विचारले. उरलेल्यांना साधे, रोजच्या आयुष्यातले प्रश्न विचारले. ज्यांना साधे प्रश्न विचारले, त्यांनी ५१.६ टक्के वेळा जिंकल्याचं कळवलं. हे जवळपास प्रामाणिकच, कारण नाणं निम्म्या वेळाच पडणार. पण ज्यांना आधी "तुम्ही बँकवाले आहात" याची आठवण करून दिली, त्यांनी ५८.२ टक्के वेळा जिंकल्याचं कळवलं.

म्हणजे तीच बँक, तशीच माणसं. घरातली व्यक्ती म्हणून वागताना प्रामाणिक, आणि कामाची टोपी घातली की हात थोडा सैल.

यावरून "सगळे बँकवाले लबाड" असं म्हणायचं नाही हं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मध्यपूर्व आणि आशिया-पॅसिफिक भागातल्या बँकांमध्ये असाच प्रयोग केला, तेव्हा असा ठळक फरक सापडला नाही. मग मी यातून एवढंच घेते: लबाडी बँकेच्या धंद्यात जन्मजात नसते. ती त्या-त्या जागेच्या हवेत असते. एका ऑफिसात असेल, दुसऱ्यात नसेल.

आणि नवीन माणूस हवा सगळ्यात लवकर ओढून घेतो. जुन्या माणसाच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. शिकाऊ मात्र पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न घेऊन फिरत असतो, "इथे खरंच काय चालतं?" भिंतीवर लावलेली नियमावली तो वाचत नाही, शेजारच्या टेबलाकडे बघतो.

शिकाऊ बिघडतो, त्याच्या तीन वाटा

माझ्या अनुभवातून आणि अशा प्रकरणांतून मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट: "सगळेच करतात." ही माझी वाट. कॉपी करणाऱ्यांचीही बहुधा हीच. एकटा माणूस नियम मोडताना दहादा विचार करतो, टोळक्यात कुणीच करत नाही.

दुसरी वाट: न झेपणारं टार्गेट. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक. तिथे शाखेतल्या कर्मचाऱ्यांवर दबाव होता की प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ-आठ सेवा विकायच्या: बचत खातं, क्रेडिट कार्ड, विमा, काय वाट्टेल ते. एका साध्या ग्राहकाला आठ गोष्टी लागतात का? नाही लागत. पण आकडा तर दाखवायचाय. मग लोकांनी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावाने खाती उघडली.

सप्टेंबर २०१६ मध्ये हे उघड झालं तेव्हा अशी साधारण २० लाख खाती असावीत असा अंदाज होता. पुढच्या वर्षी तो ३५ लाखांपर्यंत गेला. बँकेने काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी काढले होते. त्यातले बरेच जण शाखेत बसणारे, कमी पगाराचे लोक होते. दंड झाला १८ कोटी ५० लाख डॉलर. महिन्याभरात प्रमुखांना, जॉन स्टम्फ यांना, पायउतार व्हावं लागलं. २०२० मध्ये आणखी ३०० कोटी डॉलर भरून सरकारी चौकशी मिटवावी लागली.

विचार करा, ५,३०० माणसं निवडताना सगळेच लबाड निवडले गेले असतील का? शक्यच नाही. टार्गेटने त्यांना तिथवर नेलं. जबाबदारी त्यांचीही होतीच, पण आकडा ठरवणाऱ्यांची जास्त होती.

तिसरी वाट: चूक लपवणं. ही मला सगळ्यात भीतीदायक वाटते, कारण हिची सुरुवात लबाडीने होतच नाही, साध्या गफलतीने होते.

बेअरिंग्ज ही लंडनची बँक, १७६२ सालची. तिच्या सिंगापूरच्या ऑफिसात निक लीसन हा तरुण ट्रेडर होता. त्याने नंतर सांगितल्याप्रमाणे १९९२ मध्ये त्याच्या हाताखालच्या एका नवख्या कर्मचारी मुलीकडून चूक झाली. जिथे २० करार विकत घ्यायचे होते, तिथे तिने २० विकले. नुकसान सुमारे २० हजार पौंड. एवढ्या जुन्या बँकेसाठी ही रक्कम काही फार नव्हती. वर कळवायचं, बोलणी खायची, विषय संपला. पण लीसनने ती चूक एका बाजूच्या खात्यात टाकून झाकली. त्या खात्याचा नंबर होता ८८८८८.

एकदा खड्डा झाकला की त्यात आणखी टाकता येतं. मग स्वतःच्या चुका तिथे जाऊ लागल्या. मग नुकसान भरून काढायला मोठे सौदे, आणि त्यांचं नुकसानही तिथेच. १९९२ संपताना खड्डा सुमारे २० लाख पौंडांचा होता. १९९४ संपताना २० कोटी ८० लाख पौंड. फेब्रुवारी १९९५ मध्ये सगळं उघडं पडलं तेव्हा आकडा होता ८२ कोटी ७० लाख पौंड. २३३ वर्षांची बँक बुडाली आणि एका डच कंपनीने ती एक पौंड देऊन विकत घेतली.

लीसनला हे इतके दिवस जमलं कसं? कारण सौदे करणाराही तोच आणि त्या सौद्यांचे हिशेब बघणाराही तोच. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा. हे वाचून तुम्हाला तुमचा गल्ला आठवला असेल, तर बरोबर वाचताय.

बँका आता काय करतात?

धडे महाग पडले, पण बँकांनी काही चांगल्या पद्धती बसवल्या.

एक, एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. एन्ट्री करणारा वेगळा आणि मंजूर करणारा वेगळा. दोघांपैकी एकट्याला पैसे हलवता येत नाहीत.

दोन, सक्तीची रजा. आपल्या रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम आहे. संवेदनशील जागेवर काम करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता. या दिवसांत त्याच्या टेबलावर दुसरा माणूस बसतो. झाकून ठेवलेलं काही असेल तर ते वर येतं. म्हणून "तो इतका इमानदार आहे की कधी सुट्टीच घेत नाही" हे ऐकलं की अनुभवी बँकवाला जरा सावध होतो.

तीन, शपथ. नेदरलँड्समध्ये २०१५ पासून बँकेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रामाणिकपणाची शपथ घ्यावी लागते, आणि मोडली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. नुसत्या शपथेने माणूस सुधारतो असं मला वाटत नाही. पण पहिल्याच दिवशी "इथे याला किंमत आहे" असं मोठ्याने सांगितलं जातं, याचा उपयोग होतो.

तुमच्या दुकानात, कारखान्यात, किचनमध्ये काय करायचं?

आता येऊ दादांच्या प्रश्नाकडे. तुमच्याकडे एकच माणूस असो की पाच, या सहा गोष्टी करा.

१. आधी स्वतःकडे बघा. उधारीवाल्याचा फोन आला की मुलाला "सांग, शेठ बाहेर गेलेत" म्हणायला लावता का? गिऱ्हाइकाला "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणता का? मग ट्रेनिंग झालं तुमच्या मुलाचं! त्याला कळलं की या दुकानात खोटं बोलणं हा कामाचाच भाग आहे. तुमच्यासाठी बोललेलं खोटं तो उद्या तुमच्याशीही बोलेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

२. आकडा झेपेल असाच द्या. स्वतः तुम्ही तो आकडा कधी गाठलाय का? नसेल तर त्याच्यावर लादू नका. आणि फक्त आकडा विचारू नका, तो कसा आला हेही विचारा. "आज दहा नवीन गिऱ्हाइकं? वा! कोण कोण?" एवढ्या एका प्रश्नाने बनावट नोंदी थांबतात.

३. चूक सांगणाऱ्याला शिक्षा नको. गल्ल्यात पन्नास रुपये कमी आले की लगेच पगारातून कापणार असाल, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, कुठूनतरी पन्नास रुपये "बसवेल". माझ्या बॅचमध्ये मी सांगते, एक "चूक वही" ठेवा. त्याच दिवशी स्वतःहून वहीत लिहिलेली चूक माफ. लपवलेली चूक, मग ती दहा रुपयांची का असेना, माफ नाही. नियम दोन ओळींचा आहे, पण पाळायला मालकाला जड जातो. कारण पहिली मोठी चूक समोर आली की आपलाच आवाज चढतो. तो चढू देऊ नका. त्या दिवशी सगळं दुकान तुमच्याकडे बघत असतं.

४. दोन हात ठेवा. पैसे घेणारा आणि दिवसाचा हिशेब मांडणारा वेगळा असावा. माणूस एकच असेल तर दुसरा हात तुमचा. रोज रात्री साधं गणित करा: सकाळची शिल्लक, अधिक रोख विक्री, वजा दिवसाचा खर्च. इतकी रोकड गल्ल्यात हवी. यूपीआयचा क्यूआर कोड तुमच्याच खात्याचा आहे ना, हे अधूनमधून स्वतः दहा रुपये पाठवून बघा. हा अविश्वास नाही. मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, "मी रोज मोजणार आहे. म्हणजे उद्या काही कमी-जास्त झालं तर तुझ्यावर फुकटचा आळ येणार नाही." मोजणी त्याच्याही संरक्षणासाठी आहे, हे त्याला कळू द्या.

५. सुट्टी द्याच. महिन्यातून काही दिवस त्याच्या जागेवर तुम्ही बसा. काम कळतं, गिऱ्हाइकं काय बोलतात ते कळतं, आणि काही चुकत असेल तर तेही दिसतं.

६. न केलेल्या कामावर सही घेऊ नका. खाण्याच्या धंद्यात हे फार चालतं. स्वच्छतेचा तक्ता भिंतीवर लावायचा आणि महिनाअखेरीला तीसही दिवसांच्या सह्या एकदम मारायच्या. फ्रीजचं तापमान रोज तपासलं म्हणून लिहायचं, बघायचं मात्र कुणीच नाही. तपासणीला आलेल्या साहेबांना तक्ता छान दिसतो. पण तुम्ही तुमच्या माणसाला नेमकं तेच शिकवलंत, जे मला त्या पावसाळी शनिवारी शिकवलं गेलं. तक्ता जमत नसेल तर लहान करा. चारच ओळी ठेवा, पण खऱ्या.

आता शेवटचं, आणि जरा कडू

आपण मालक म्हणून बोललो. पण तुमच्यापैकी बरेच जण अजून कर्जासाठी बँकेच्या दारात उभे आहेत. तिथे शिकाऊ तुम्ही आहात.

मशीनसाठी कर्ज घेताना स्वतःचा थोडा वाटा घालावा लागतो. त्याला मार्जिन मनी म्हणतात. तो हाताशी नसतो. मग कुणीतरी सांगतं, "डीलरकडून कोटेशन फुगवून आण. दोन लाखांचं मशीन अडीच लाखांचं दाखव. सगळेच करतात." ऐकलंय ना? पहिली वाट आठवा.

असं केलं की काय होतं ते बघा. मशीन दोन लाखांचं, आणि स्वतःचा एक रुपयाही न घालता कर्ज त्या पूर्ण दोन लाखांचं डोक्यावर येतं. हप्ता झेपेल त्यापेक्षा मोठा बसतो. पहिला मंदीचा महिना आला की हप्ता चुकतो. बँकेत जाऊन "अडचण आहे, मुदत वाढवून द्या" असं मोकळेपणाने सांगताही येत नाही, कारण फाइलमध्ये खोटा कागद आहे. जो माणूस तुम्हाला अडचणीत मदत करू शकला असता, त्यालाच तुम्ही टाळायला लागता. वर खोटी कागदपत्रं देऊन कर्ज घेणं हा गुन्हा आहे, तो भाग वेगळाच.

त्यापेक्षा लहान मशीन घ्या, जुनं घ्या, सहा महिने भाड्याने चालवा. मार्जिन साठवा. उशीर होईल, पण बँकेच्या माणसासमोर नजर वर करून बसता येईल. धंद्यात ही फार मोठी सोय असते, हे तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळेल.

आणि हो, कर्जाच्या पाहणीला एखादी भिजलेली, नवखी मुलगी तुमच्या दारात आली आणि म्हणाली, "आत येऊन बघू का?" तर चिडू नका. तिला आत घ्या, सगळं नीट दाखवा, चहा द्या. ती तिचं काम खरंखुरं करतेय.

या आठवड्याचं काम: आज रात्री दुकान बंद करताना तुमच्याकडचे सगळे कागद बघा, तक्ते, रजिस्टर, स्टॉकची वही. न केलेल्या कामावर मारलेली एक तरी सही सापडेल. ती कुठली, आणि तुम्ही तो कागद बंद केला की ते काम सुरू केलं, हे कमेंटमध्ये लिहा. नाव लिहायची गरज नाही.

पुढच्या व्हिडिओत रोजचा गल्ला पाच मिनिटांत कसा जुळवायचा ते वहीवर करून दाखवणार आहे. पेन-वही घेऊन बसा. भेटू!